बर्गम्युलरची रेकॉर्डिंग्ज: कुठली ऐकवायची, आणि कधी बंद ठेवायची

नाशिकच्या एका आईनं विचारलंय: "मुलगी नऊ वर्षांची आहे, पियानोची दुसरी ग्रेड झाली. बाईंनी आता बर्गम्युलरचं ओपस 100, म्हणजे शिकणाऱ्या मुलांसाठीच्या पंचवीस छोट्या तुकड्यांचा संग्रह, सुरू केलंय. घरात आम्हा कुणालाच पाश्चात्त्य संगीत कळत नाही, म्हणून मी यूट्यूबवर त्यातलं 'अराबेस्क' शोधून दिलं. तिथं एकजण वाऱ्याच्या वेगानं वाजवतोय, दुसरी अगदी सावकाश. मुलगी वेगवालं ऐकते, तसं वाजवायला जाते, अडखळते आणि रडायला लागते. बाई म्हणतात, आधी ऐकू नकोस, आधी वाच. कुठलं रेकॉर्डिंग बरोबर समजायचं? आणि मुळात ऐकवायचं की नाही?"

मी पुण्यात चोवीस वर्षं पियानो शिकवतेय आणि हा प्रश्न दर वर्षी दोन-तीन पालकांकडून येतो. तुम्ही विचारलंय 'कुठलं', पण तुमच्या घरातली अडचण 'कधी' आणि 'कशासाठी' याची आहे. मुलगी रेकॉर्डिंग ऐकते आणि लगेच पियानोवर बसते. त्यामुळे कानातला वेग थेट बोटांवर येतो, आणि बोटं अजून त्या गावाला पोचलेलीच नसतात. तुमच्या बाईंना बहुतेक हेच थांबवायचंय. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, फक्त अर्धं वाटतं. उरलेलं अर्धं मी सांगते. मात्र त्यांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. मुलीला दोन बाजूंनी दोन वेगळ्या सूचना मिळाल्या, तर सगळ्यात जास्त नुकसान तिचंच होतं.

आधी वेगाचं बोलू, कारण रडू तिथूनच येतंय. 'अराबेस्क' हा संग्रहातला दुसरा तुकडा. त्यावर वेग लिहिलाय 152, म्हणजे मिनिटाला 152 ठोके, आणि प्रत्येक ठोक्यात चार नोट्स. गुणाकार केलात तर मिनिटाला 608 नोट्स होतात, सेकंदाला दहा. नऊ वर्षांच्या मुलीच्या बोटांना हे जमणारच नाही, आणि जमायची गरजही नाही. त्या काळी पॅरिसमध्ये प्लेयेल, एरार यांचे जे पियानो होते, त्यांच्या पट्ट्या आजच्या मोठ्या ग्रँड पियानोपेक्षा हलक्या होत्या आणि कमी खोल दबायच्या. आकड्यामागे तेही एक कारण असावं. माझ्या वर्गात 'अराबेस्क' 76 ला स्वच्छ वाजलं की मी समाधानी असते. 92-96 पर्यंत गेलं तर ते ऐकायला पुरेसं खेळकर वाटतं. परीक्षेसाठी तयारी असेल तर आणखी थोडं पुढे नेते, पण ते त्या मुलाचा हात बघून ठरवते. तेव्हा वेगवान रेकॉर्डिंग चूक आणि सावकाश बरोबर, किंवा उलट, असं काही नाही. दोघांनीही आपापल्या हाताला झेपेल तो वेग घेतलाय. तिला तिच्या हाताचा घेऊ द्या. हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा, आणि बाईंनाही सांगायला लावा. बाईंच्या तोंडून आलं की मुलं ते खरं मानतात.

मग रेकॉर्डिंग हवंच कशाला, असं तुम्हाला वाटेल. चेर्नीच्या ओपस 599 या सरावाच्या पुस्तकासाठी मी ते सहसा ऐकवत नाही. तिथं बोटांचं काम मुख्य आहे आणि कागदावर जे लिहिलंय ते बहुतेक पुरतं. बर्गम्युलरची गोष्ट वेगळी आहे. तो 1806 मध्ये रेगेन्सबुर्गमध्ये जन्मला, 1830 च्या दशकात पॅरिसला गेला आणि तिथंच राहिला. हे पंचवीस तुकडे 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला आले, आणि लहान हातांना पोचतील असे मुद्दाम रचलेले आणि बोटांकन केलेले (म्हणजे कुठल्या नोटेला कुठलं बोट ते लिहिलेले), असं त्यांच्या मूळ शीर्षकातच म्हटलंय. पण प्रत्येक तुकड्याला त्यानं एक नाव दिलं. पहिल्याचं नाव निरागसपणा. नंतर शिकार, निरोप, सांत्वन, अस्वस्थता, पाकोळी. म्हणजे हे स्टडी, सरावाचे तुकडे, असले तरी एकेक छोटं चित्र आहे. बोट बरोबर पट्टीवर पडलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे श्वास कुठं घ्यायचा, कुठल्या नोटेवर किंचित रेलायचं, ओळ संपताना आवाज कसा मिटवायचा. हे कागदावर लिहिलेलं असतं, पण कागद ते पूर्ण सांगत नाही.

आपल्याकडचं उदाहरण देते, म्हणजे पटेल. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकात बंदिश स्वरलिपीत पूर्ण लिहिलेली असते. मात्रा, सम, खाली सगळं असतं. पण ज्यानं ती बंदिश कधी कुणाच्या गळ्यातून ऐकलीच नाही, तो केवळ पुस्तकावरून ती गाऊ लागला तर ऐकवणार नाही. माझी आजी हार्मोनियम वाजवायची. ती म्हणायची, आधी कान भरू दे, मग हात चालतील. युरोपियन रोमँटिक संगीताबाबत आपल्या मुलांचे कान रिकामे असतात. पॅरिसच्या किंवा लाइपझिगच्या मुलानं ही चाल, हा लहेजा घरात, चर्चमध्ये, नाचात ऐकलेला असायचा. गोव्यात किंवा वसईत काही घरांत तो अजूनही मिळतो. नाशिकच्या, पुण्याच्या बहुतेक मुलांना तो रेकॉर्डिंगमधूनच मिळणार. म्हणून मी ऐकवण्याच्या बाजूची आहे, आणि ठामपणे आहे.

बाईंची भीतीही खरी आहे. माझ्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा आला होता, आधी दुसरीकडे शिकलेला. 'बालाद' हा पंधरावा तुकडा त्यानं मला सलग वाजवून दाखवला. डाव्या हातातल्या घाईच्या धावा, उजव्या हातातले तुटक कॉर्ड (एकदम दाबलेले दोन-तीन स्वर), सगळं होतं. मी म्हटलं, मधला सी मेजरचा भाग तेवढा वाजव, जिथं गाणं शांत होतं. त्याला तिथून सुरूच करता येईना. सुरुवातीपासून वाजवत आला तरच हात तिथं पोचायचे. त्यानं तो तुकडा रंगीत पट्ट्या पडणाऱ्या व्हिडिओवरून शिकला होता, पान कधी उघडलंच नव्हतं. कान उत्तम होता, आणि त्या उत्तम कानामुळेच वाचन मागे पडलं होतं. पुढचे आठ महिने आम्ही त्याला तिसरीच्या पुस्तकासारखं वाचायला शिकवत होतो. पोर हुशार होतं म्हणून टिकलं, पण त्याला फार जड गेलं ते.

त्यानंतर मी ऐकण्याच्या वेळा ठरवून टाकल्या. त्या तुम्हाला सांगते, बाईंशी बोलून हव्या त्या घ्या.

नवीन तुकडा सुरू होण्याच्या आधीचा आठवडा नुसतं ऐकायचं. पुस्तक नाही, पियानो नाही. जेवताना, रिक्षात, झोपायच्या आधी. एकच तुकडा पुन्हापुन्हा लावू नका, पुढचे चार-पाच एकत्र लावा. हे तुकडे एक-दोन मिनिटांचे असतात, त्यामुळे वेळ लागत नाही. त्यातला कुठला आवडला ते तिला निवडू द्या. मग एकदा पुस्तक उघडून ऐकायचं, नोट्सवरून बोट फिरवत. पेन्सिलीनं, जिथं तिला वाजवणारा श्वास घेतोय असं वाटलं तिथं छोटी खूण करायला सांगा. चुकली तरी चालेल. पुढे त्या खुणा आणि फ्रेज, म्हणजे सुरांचं एक वाक्य, दाखवणाऱ्या छापील कमानी जुळतात का हे ती स्वतः बघते, आणि तिथं तिला पहिल्यांदा कळतं की कमान म्हणजे सजावट नसते.

यानंतर रेकॉर्डिंग पूर्ण बंद. दोन्ही हात एकत्र, सावकाश, न थांबता वाजेपर्यंत. माझ्या मुलांना याला साधारण तीन आठवडे लागतात, काहींना पाच. हा काळ बाईंचा आणि पुस्तकाचा. या काळात तिनं 'ऐकव ना' म्हटलं तर दुसऱ्या कुठल्याही रचनेचं रेकॉर्डिंग लावा, याचं नको.

तुकडा एका वेगात उभा राहिला की मग परत ऐकायचं, आणि या वेळी दोन वेगवेगळ्या वादकांचं. प्रश्न एकच विचारा: "यात आणि त्यात काय वेगळं आहे?" 'चांगलं कोण' असं विचारू नका. मुलं फार बारीक ऐकतात. एका मुलीनं मला 'निरोप'मध्ये सांगितलं होतं, "हा जाताना मागे वळून बघतोय, ती बघत नाहीये." मी तो शेवट इतक्या वर्षांत त्या नजरेनं ऐकला नव्हता. अशी तुलना सुरू झाली की नक्कल आपोआप थांबते, कारण नक्कल करायला एकच नमुना लागतो.

शेवटी फोनवर तिचं स्वतःचं रेकॉर्डिंग. ते तिनं दुसऱ्या दिवशी ऐकावं, त्याच दिवशी नाही. त्याच दिवशी फक्त चुका ऐकू येतात.

एवढं करूनही रेकॉर्डिंगच्या जोडीनं वाजवू नये, असं मी सांगेन. ती मागे पडली की धावते, आणि ऐकणं तिथंच संपतं.

यूट्यूबचा वेग अर्धा करून ऐकवण्याबद्दलही नेहमी विचारतात. स्वर तोच राहतो आणि वेग कमी होतो, म्हणून ही सोय वाटते. पण त्यात स्टॅकाटोची, म्हणजे तुटक वाजवायची, नोट लांबते, पेडलचा गुंजारव पसरतो, आणि वेगात शोभणारा किंचित ठहराव रखडल्यासारखा होतो. कुणीही माणूस सावकाश वाजवताना तसं वाजवत नाही. एखादी गोंधळाची जागा कळावी म्हणून दोन बार (उभ्या रेघांमधले दोन भाग) ऐकायचे तर ठीक, पूर्ण तुकडा नको. त्यापेक्षा बाईंना विनंती करा: सरावाच्या वेगात, तुमच्या मुलीच्याच पुस्तकातून, फोनवर एकदा वाजवून द्या. माझ्या अनुभवात विद्यार्थ्यासाठी सर्वांत उपयोगी रेकॉर्डिंग हेच असतं. खोली ओळखीची, पियानो ओळखीचा, वेग गाठता येण्यासारखा. बाईंना ते अवघडल्यासारखं वाटलं तर आग्रह मात्र करू नका.

आता कुठली रेकॉर्डिंग्ज. क्रिस्टोफ एशनबाख या मोठ्या जर्मन पियानोवादकानं, जो पुढे वाद्यवृंदाचा संचालक म्हणूनही गाजला, डॉइच ग्रामोफोन या रेकॉर्ड कंपनीसाठी विद्यार्थ्यांच्या संग्रहांची एक मालिका वाजवली होती. तीत बायर आणि चेर्नीच्या जोडीनं बर्गम्युलरचं ओपस 100 आहे. मला ते फार आवडतं, कारण तो हे तुकडे 'मुलांचे' म्हणून हलक्यात घेत नाही. दुसरं, शर्मर या प्रकाशकाच्या परफॉर्मन्स एडिशन्समध्ये मार्गारेट ऑटवेल यांनी संपादित केलेलं ओपस 100 चं पुस्तक आहे, आणि त्याबरोबरचं रेकॉर्डिंगही त्यांनीच केलंय. पुस्तक आणि आवाज एकाच व्यक्तीचे, त्यामुळे कमानी आणि बोटांकन जुळतात. तुमच्याकडे जुनी, दुसऱ्या कुणी संपादित केलेली प्रत असेल तर रेकॉर्डिंगमध्ये कमानी वेगळ्या ऐकू येतील. मुलगी म्हणेल, "यानं चुकीचं वाजवलं." चुकीचं असेलच असं नाही, आवृत्ती वेगळी असू शकते. बाईंना दाखवा.

बाकी इंटरनेटवर जे शेकडो सापडतं, त्यात बरंच संगणकानं वाजवलेलं असतं. ओळखायची सोपी रीत अशी: ओळीच्या शेवटच्या नोटा ऐका. सगळ्या सारख्याच जोराच्या असतील, ओळ संपताना काहीच मिटत नसेल, शेवटच्या बारलाही किंचित सैलपणा येत नसेल, तर ते यंत्र आहे. ते मुलीला ऐकवू नका. नोटा बरोबर असल्यामुळे ते निरुपद्रवी वाटतं, पण जे शिकण्यासाठी आपण ऐकतोय नेमकं तेच त्यात नसतं.

चांगलं रेकॉर्डिंग ऐकताना तुम्ही स्वतः काय ऐकाल? तुम्ही म्हणता संगीत कळत नाही, पण एवढं कुणालाही ऐकू येतं. बर्गम्युलरनं नाचासाठीही लिहिलंय. 1841 च्या 'जिझेल' बॅलेमध्ये शेतकरी जोडप्याच्या नृत्याला जे संगीत वापरलं गेलं ते त्याचं, आणि 1843 चं 'ला पेरी' हे बॅलेही त्याचंच. त्यामुळे या छोट्या तुकड्यांतसुद्धा पाय उचलल्याची जाणीव असते. 'अराबेस्क'मध्ये उजव्या हातातला पाच नोटांचा गोल फेरा शेवटच्या नोटेवर हलकेच सुटतो का, की धपकन आदळतो? मग तोच फेरा डाव्या हातात जातो तेव्हा तो उजव्यासारखाच मोकळा राहतो का? 'शिकार'मध्ये शिंग वाजल्यासारखं वाटतं का? एकविसाव्या तुकड्यात कॉर्डच्या सुट्या नोटा एका हातातून दुसऱ्या हातात जातात. हात बदलल्याचा सांधा ऐकू येतो का? सांधा ऐकू आला नाही तर वाजवणारा चांगला आहे.

अकराव्या तुकड्याबद्दल थोडं वेगळं सांगते, कारण तो मला जवळचा आहे. 'ला बर्जरोनेत' म्हणजे आपला धोबी पक्षी, परीट. हिवाळ्यात गोदावरीच्या घाटावर, ओल्या मैदानावर शेपटी वरखाली करत तुरुतुरु चालणारा. माझ्या वर्गातली मुलं तो तुकडा वाजवण्याआधी मी त्यांना तो पक्षी बघून यायला सांगते. दोन-चार पावलं, थांबणं, शेपटी, पुन्हा पावलं. हे पाहून आलेलं मूल त्या छोट्या छोट्या नोटांचे गट ओढून धरत नाही, नीट सोडतं. रेकॉर्डिंग त्यानंतर ऐकवते. तुम्ही नाशिकला आहात, पक्षी तुमच्या दारातच आहे.

घरच्या वाद्याचाही विचार करा. रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या ग्रँड पियानोवरचं असतं. तुमच्याकडे हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड असेल, दाबाप्रमाणे आवाज कमीजास्त न होणारा, तर तिनं कितीही मन लावलं तरी 'तसं' वाजणार नाही. मग तिच्या रडण्यात वाद्याचाही वाटा आहे, तिला तसं सांगा, आणि जमेल तेव्हा वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. जुना लाकडी पियानो असेल तर दुसरी अडचण येते. पावसाळ्यात हवेतला ओलावा बदलतो तसा सूर हलतो, आणि बरेच जुने पियानो मुळातच पट्टीच्या खाली उतरलेले असतात. रेकॉर्डिंग एका पट्टीत, घरचा पियानो पाव-अर्ध्या स्वरानं खाली. ज्याचा कान पक्का आहे त्या मुलाला हे चक्क खुपतं आणि त्याला सांगता येत नाही. अशा घरांत मी रेकॉर्डिंग ऐकणं आणि वाजवणं यांत एका रात्रीचं तरी अंतर ठेवायला सांगते.

हे सगळं किती काटेकोर पाळायचं ते मुलावर आहे. ज्याचं वाचन पक्कं पण वाजवणं कोरडं, त्याला मी भरपूर ऐकवते, मधला बंद काळही ठेवत नाही. ज्याचा कान जलद आणि डोळा आळशी, त्याला आधी अजिबात नाही, तुकडा उभा राहिल्यावरच. तुमची मुलगी ऐकून लगेच वाजवू बघते म्हणजे ती बहुधा दुसऱ्या गटातली आहे, आणि बाईंनी ते बरोबर ओळखलंय. तिला सुरुवातीचं आठवडाभराचं ऐकणं द्यायचं की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. मी द्यायला सांगेन, पण तिला समोर बसून पाहिलंय त्यांनी.

बर्गम्युलरनंतर काय, हेही मनात येईल. श्टेफान हेलरचं ओपस 47 हे त्याच वाटेवरचं पुढचं गाव. हेलर पेश्टचा, 1838 मध्ये पॅरिसला आला आणि तिथंच राहिला. ओपस 47 त्यानं लयीची आणि भावाची जाण घडवण्यासाठी म्हणून लिहिलं. त्याच्या ओपस 45 आणि 46 मधल्या निवडक स्टडीज विल्यम वेस्टनी यांनी शर्मरसाठी संपादित केल्यात आणि वाजवल्यातही. जर्मन संगीतकार शूमाननं 1848 मध्ये मुलांसाठी लिहिलेला ओपस 68 हा संग्रह स्टडीजचा नाही, पण ऐकायला तो आत्तापासूनच घरात असावा. त्याचे सुरुवातीचे तुकडे त्यानं थोरल्या मुलीच्या, मारीच्या सातव्या वाढदिवसासाठी लिहिले होते. रिको गुल्डा यांचं नॅक्सॉस कंपनीचं आणि लूबा एडलिना यांचं शँडॉस कंपनीचं, ही दोन्ही रेकॉर्डिंग्ज मी वर्गात वापरते.

आजचं एवढंच करा. 'अराबेस्क' चार आठवडे फोनवर लावू नका. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, 60 वर ठेवा. पहिले आठ बार तिला हसत वाजवता आले की तिथंच थांबा आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच परत. चार आठवड्यांनी दोन रेकॉर्डिंग्ज लावून तिला विचारा, काय वेगळं ऐकू आलं. ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा.